डॉक्टरांनी संततिनियमनाची गोळी लिहून दिली, तर कॅथलिक स्त्रीने काय करावे

पाळीच्या वेळी अतोनात अंगावरून जाते, दर महिन्याला दोन-तीन दिवस वेदनेने अंथरूण सोडवत नाही, किंवा पीसीओडीमुळे, म्हणजे बीजकोशाच्या हार्मोनशी निगडित विकारामुळे, पाळी चार-चार महिने येतच नाही, अशी तक्रार घेऊन स्त्री दवाखान्यात गेली की पुष्कळदा तिच्या हाती हार्मोनच्या गोळ्यांची चिठ्ठी पडते, आणि औषधाच्या दुकानात पाकीट उघडल्यावर तिला कळते की या तर संततिनियमनाच्या गोळ्या आहेत. कॅथलिक घरांत, मग ते घर वसईतले असो, मुंबईतले असो की गोव्यातले, यानंतर बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. ‘चर्चला हे चालत नाही’ एवढेच कानावर असल्यामुळे काही जणी गोळ्या कपाटात ठेवून देतात आणि दुखणे सोसत राहतात. काही जणी गोळ्या घेतात, पण आपल्या हातून पाप घडते आहे असे समजून कम्युनियन घेणे थांबवतात. या दोघीही विनाकारण त्रास भोगत आहेत, असे मला ठामपणे वाटते, कारण ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण आजाराच्या उपचाराआड येत नाही. ती शिकवण काय आहे, ती आपल्या प्रसंगाला कशी लावावी, डॉक्टरांना काय विचारावे आणि कोणते निर्णय आधीच घेऊन ठेवावेत, हे पुढे सांगितले आहे. कोणते औषध किती घ्यावे, हे मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबरच ठरवायचे आहे.

आधी शिकवण समजून घ्यावी

पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी ‘हुमाने विते’ हे परिपत्रक काढले. पती-पत्नीच्या शरीरसंबंधाला दोन अर्थ आहेत, एक त्या दोघांना एकत्र बांधणारा आणि दुसरा नव्या जिवाला वाट मोकळी ठेवणारा, आणि माणसाने आपल्या इच्छेने या दोहोंची फारकत करू नये, हा त्या परिपत्रकाचा गाभा आहे. म्हणून गर्भधारणा रोखण्याच्या हेतूने संबंधापूर्वी, संबंधाच्या वेळी किंवा नंतर केलेली कोणतीही उपाययोजना, तसेच कायमची नसबंदी, परिपत्रकाच्या चौदाव्या परिच्छेदात अमान्य ठरवली आहे. बहुतेकांच्या कानावर आलेली शिकवण इथेच थांबते. परंतु लगेच पुढचा, पंधरावा परिच्छेद असे सांगतो की शरीराचा आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार, त्यामुळे गर्भधारणेला अडथळा येणार हे आधी दिसत असले तरीही, मुळीच निषिद्ध नाही. अट एवढीच की तो अडथळा आपण कोणत्याही कारणाने स्वतःहून इच्छिलेला नसावा. हे १९६८ साली नव्याने सुचलेले नव्हते. त्याच्या दहा वर्षे आधी, १२ सप्टेंबर १९५८ रोजी, पोप बारावे पायस यांनी रक्तविकारतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात, गर्भाशयाच्या किंवा शरीराच्या विकारावर औषध म्हणून गोळी घेणाऱ्या स्त्रीला हीच मुभा दिली होती.

ही कसोटी स्वतःला लावण्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा: माझे लग्न झालेले नसते किंवा पती वर्षभर परदेशी असते, तरीही डॉक्टरांनी मला हेच औषध दिले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर औषधाचा गुण आजारावर येतो आहे, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर पातळ होऊन रक्तस्राव घटतो आहे, एन्डोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराची) वेदना दबते आहे किंवा वाढलेली पुरुषी हार्मोन्स ताळ्यावर येत आहेत, आणि गर्भधारणा न होणे हा त्या उपचाराचा केवळ दुसरा परिणाम आहे. उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे गर्भ राहू नये एवढ्यासाठीच औषध दिलेले असेल, तर ते संततिनियमन आहे आणि तिथे चौदावा परिच्छेद लागू होतो. पहिल्या प्रकारात कबुलीसंस्कारात सांगावे असे काही घडलेलेच नसते.

अविवाहित मुलींच्या आणि धर्मभगिनींच्या बाबतीत हा पेच उद्‌भवतच नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने येत नसेल, तर ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने आईने तिचे औषध लांबवू नये. पाळी दीर्घकाळ न आल्यास गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि त्यातून पुढे गंभीर विकार होऊ शकतात.

डॉक्टरांकडे जाताना

जाण्यापूर्वी शक्य असल्यास तीन पाळ्यांची नोंद वहीत करावी. पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडल्या का, वेदना कोणत्या दिवशी कामात खंड पाडण्याइतकी होती, मधल्या दिवसांत किंवा संबंधानंतर रक्त दिसले का, एवढे लिहिलेले असले तरी निदानाला फार मदत होते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली किशोरवयीन मुलींसाठी असा सल्ला दिला की नाडी आणि रक्तदाब यांच्याप्रमाणेच पाळी हेही आरोग्याचे मूलभूत लक्षण मानावे. काही प्रसंगी मात्र नोंदीसाठी थांबू नये. तासाला एक पॅड भिजू लागला, चक्कर येऊ लागली, किंवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दवाखान्यात पहिला प्रश्न निदानाचा असावा. ‘हार्मोनचा बिघाड’ हे निदान पुरेसे नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि हिमोग्लोबिन तपासले आहे का, सोनोग्राफीत फायब्रॉइड किंवा पॉलिप (गर्भाशयातल्या गाठी) किंवा एन्डोमेट्रिओसिसची चिन्हे दिसली का, हे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. संततिनियमनाची गोळी पीसीओडी मुळातून बरा करत नाही, ती लक्षणे आवरते आणि अस्तराचे रक्षण करते, आणि गोळीच्या पाकिटानंतर येणारा रक्तस्राव ही स्वतःहून आलेली पाळी नसते, हे कळल्यावर पुष्कळ स्त्रिया अधिक चांगले प्रश्न विचारू लागतात. दुसरा प्रश्न पर्यायांचा. जास्त रक्तस्रावासाठी पाळीच्या दिवसांपुरते घेतले जाणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड किंवा मेफेनॅमिक ॲसिड, पीसीओडीत अस्तराच्या रक्षणासाठी ठरावीक काळाने दहा ते चौदा दिवस दिले जाणारे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध, वजन आणि इन्सुलिन यांच्याशी निगडित तक्रारींसाठी मेटफॉर्मिन, मूल हवे असल्यास बीजनिर्मितीला मदत करणारे लेट्रोझोल, असे अनेक मार्ग उपलब्ध आहेत. ‘मी कॅथलिक आहे, आम्ही गर्भनिरोधक वापरत नाही, तेव्हा माझ्या आजारावर दुसरा तितकाच गुणकारी उपाय असेल तर तो आधी सांगा, आणि नसेल तर मी हा उपचार म्हणून घेईन,’ असे सरळ सांगावे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. त्याच भेटीत, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठते का, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत का, रक्तदाब किती आहे, हेही न विचारता सांगून टाकावे, कारण अशा स्त्रियांना इस्ट्रोजेन असलेली गोळी धोक्याची ठरू शकते.

आपल्याकडे जास्त रक्तस्रावासाठी ऑर्मेलॉक्सिफेन ही गोळी सर्रास दिली जाते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले हे औषध सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने संततिनियमनासाठी दिले जाते. ते बीजनिर्मिती सहसा थांबवत नाही. गर्भाशयाचे अस्तर आणि बीज यांची वेळ चुकवून ते फलित बीजाला रुजू देत नाही, असे त्याचे कार्य सांगितले जाते. आजारासाठी ते घेण्याचा हेतू शुद्ध असला, तरी विवाहित स्त्रीपुढे इथे आणखी एक प्रश्न उभा राहतो, कारण ख्रिस्तसभेच्या दृष्टीने जीवनाचा मान गर्भधारणेच्या क्षणापासून आहे. अशा वेळी औषध चालू असेतो सुपीक, म्हणजे गर्भ राहू शकणाऱ्या, दिवसांत संबंध टाळणे, किंवा डॉक्टरांकडून दुसरे औषध मागून घेणे, हे दोन मार्ग विवेकाला धरून आहेत. गर्भाशयात बसवल्या जाणाऱ्या हार्मोनयुक्त साधनाबाबतही असाच विचार करावा. अस्तराच्या काही विकारांत वैद्यकीयदृष्ट्या तो पहिल्या पसंतीचा उपाय असतो, म्हणून तो डोळे झाकून नाकारू नये. तांबीचे, म्हणजे कॉपर टीचे, तसे नाही. तिने पाळीचा कोणताही आजार बरा होत नाही, उलट पुष्कळदा रक्तस्राव वाढतो.

आणखी एक अवघड प्रसंग फारसा बोलला जात नाही. फिट्सच्या आजारावरील व्हॅलप्रोएट, संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आणि मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन ही औषधे पोटातल्या बाळाला गंभीर इजा करू शकतात, म्हणून ती देताना डॉक्टर गर्भनिरोधकाचा आग्रह धरतात. त्यांचा आग्रह बाळाच्या काळजीपोटीच असतो. कॅथलिक जोडप्याने हा धोका पूर्ण गांभीर्याने घ्यावा, संबंध पूर्णपणे टाळण्याची तयारी दोघांनी मिळून करावी, आणि तेवढी खात्री देता येत नसेल तर कमी धोक्याचे औषध आहे का हे विचारावे. फिट्सचे औषध मात्र कोणत्याही धार्मिक शंकेमुळे स्वतःच्या मनाने बंद करू नये.

बाळंतपणापूर्वी ठरवून ठेवण्याच्या गोष्टी

सर्वात जास्त घाईचे निर्णय सिझरच्या टेबलावर होतात. ‘दुसरे सिझर आहे, ऑपरेशनही करून टाकू का?’ हा प्रश्न कळा सोसणाऱ्या स्त्रीला विचारला जातो, आणि सासर-माहेरची माणसे बाहेर सही करून मोकळी होतात. म्हणून सातव्या महिन्यातच पतीशी बोलून ठरवावे आणि कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे की माझ्या स्वतंत्र संमतीशिवाय नळ्या बांधू नयेत आणि प्रसूतीनंतर तांबी बसवू नये. ही मागणी धर्माची आहे तशीच ती प्रत्येक रुग्णाच्या हक्काचीही आहे, आणि सरकारी रुग्णालयातही ती मान्य व्हायला हवी.

पुढच्या गर्भारपणात धोका असेल म्हणून नळ्या बांधण्याबाबत रोमच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने ३१ जुलै १९९३ रोजी स्पष्ट उत्तर दिले. प्रसूतीत किंवा सिझरमध्ये गर्भाशयाला अशी इजा झाली की त्यापासून आईच्या जिवाला त्याच वेळी गंभीर धोका आहे, तर पिशवी काढणे योग्य आहे, मग त्यानंतर मूल होणार नसले तरी चालेल. परंतु गर्भाशय आज धोकादायक नाही आणि केवळ पुढे गर्भ राहिल्यास धोका होईल, एवढ्या कारणासाठी पिशवी काढणे किंवा नळ्या बांधणे मान्य नाही. याच मंडळाने १० डिसेंबर २०१८ रोजी आणखी एका प्रसंगाचा निर्णय दिला: गर्भाशयाची अवस्था सुधारण्यापलीकडे गेली असून बाळ जगण्याच्या टप्प्यापर्यंत गर्भ टिकूच शकत नाही, अशी तज्ज्ञांची खात्री असेल, तर पिशवी काढता येते. ही शिकवण पाळणे काही स्त्रियांना फार जड जाते, हे मान्य करूनच ती सांगायला हवी. त्याचबरोबर, पिशवी काढण्याची परवानगी म्हणजे पिशवी काढण्याची घाई नव्हे. बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे समोर आल्यावर २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. कर्करोगाचा किंवा जिवाचा तातडीचा धोका नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय पिशवी काढू देऊ नये.

गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत राहिला असेल तर ती तातडीची वेळ असते, आणि तिथे कोणाच्याही परवानगीची वाट पाहत बसू नये. रोगग्रस्त नळी काढण्याची शस्त्रक्रिया कॅथलिक नीतितज्ज्ञ सर्वसाधारणपणे मान्य करतात. मेथोट्रेक्सेटने केलेल्या उपचाराविषयी त्यांच्यात मतभेद आहेत, आणि ख्रिस्तसभेने त्यावर अंतिम निर्णय दिलेला नाही.

नैसर्गिक पद्धत शिकावी ती नीट शिकावी

गंभीर कारण असेल तर मुलांमध्ये अंतर ठेवण्यासाठी पती-पत्नीने केवळ असुपीक दिवसांत एकत्र यावे, हे ‘हुमाने विते’च्या सोळाव्या परिच्छेदाने मान्य केले आहे. आईचे आरोग्य हे असे गंभीर कारण आहे. रक्तक्षय, लागोपाठची सिझर, मनाचा आजार, घरची ओढाताण ही कारणे क्षुल्लक मानण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुर्दैवाने, नैसर्गिक पद्धत म्हणून आपल्या घरांत जी माहिती चालते ती पाळीपासून दिवस मोजण्याची असते, आणि ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांना ती हमखास फसवते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉक्टर जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून विकसित केलेली, आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर इव्हलिन यांनी पुढे घडवलेली पद्धत दिवस मोजत नाही, तर अंगावरून जाणाऱ्या स्रावाचे निरीक्षण करते. दिवसभर चालता-बोलता योनीमुखाशी कोरडे वाटते, ओलसर वाटते की निसरडे वाटते, हे ध्यानात ठेवून रात्री तक्त्यावर नोंदवायचे असते. पाळीनंतर कोरडेपणाचे दिवस येतात. त्या दिवसांत एका आड एक रात्री संबंध ठेवता येतात, कारण आदल्या रात्रीच्या वीर्यामुळे दुसऱ्या दिवशीचा स्राव ओळखता येत नाही. पाळीतल्या जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत संबंध टाळायचे असतात, कारण पाळीचे चक्र लहान असल्यास रक्ताआड स्राव लपू शकतो. कोरडेपणा जाऊन बदल जाणवू लागला की थांबायचे. स्राव दिवसेंदिवस पातळ आणि निसरडा होत जातो, आणि निसरडेपणाचा शेवटचा दिवस हा शिखर दिवस असतो, जो दुसऱ्या दिवशी संवेदना बदलल्यावरच ओळखू येतो. शिखर दिवसानंतरचे तीन दिवस सोडून चौथ्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ असुपीक मानला जातो. याला सकाळी उठण्यापूर्वी घेतलेल्या तापमानाची जोड देता येते. बीज बाहेर पडल्यावर तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते आणि चढलेलेच राहते, मात्र ताप, जागरण किंवा रात्रपाळी असेल तर त्यावर विसंबता येत नाही.

या पद्धतींच्या यशाविषयी खरे तेच सांगितले पाहिजे. स्राव आणि तापमान या दोहोंची जोड वापरणाऱ्या स्त्रियांवर जर्मन संशोधकांनी केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात १०० पैकी सुमारे २ स्त्रियांना अनपेक्षित गर्भ राहिला; परंतु निरनिराळ्या पद्धती आणि रोजच्या जगण्यातली शिस्त धरून पाहिले तर हा आकडा १०० पैकी २ पासून २३ पर्यंत जातो. फरक पडतो तो मुख्यतः शिकवणाऱ्याने आणि दोघांच्या निश्चयाने. म्हणून पुस्तकावरून किंवा मोबाइल ॲपवरून न शिकता धर्मप्रांताच्या कुटुंब सेवा केंद्रात प्रशिक्षित शिक्षिकेकडे जावे आणि पहिले काही महिने तक्ता तिला दाखवत राहावे. जिला गर्भ राहणे जिवावर बेतू शकते, तिने फक्त शिखर दिवसानंतरचाच काळ वापरावा. बाळंतपणानंतर बाळाला केवळ आईचे दूध मिळत असेल, पाळी परत आलेली नसेल आणि बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर या तिन्ही अटी पुऱ्या होत असेतो गर्भ राहण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे २ इतकीच असते. एकही अट मोडली की लगेच निरीक्षण सुरू करावे.

यात पतीचा वाटा अर्धा आहे. तक्ता त्यानेही रोज पाहावा. पत्नीची अवस्था आणि तिची रास्त इच्छा लक्षात न घेता लादलेला संबंध हे खऱ्या प्रेमाचे कृत्य नव्हे, असे त्याच परिपत्रकाचा तेरावा परिच्छेद सांगतो, आणि विवाहतयारीच्या शिबिरांत मुलांना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायला हवा असे मला मनापासून वाटते. जिच्यावर घरात जबरदस्ती होते, त्या स्त्रीला तक्ता शिकवणे पुरेसे नाही. तिला आधी संरक्षण आणि आधार मिळाला पाहिजे.

ज्यांनी पूर्वीच ऑपरेशन केले आहे, त्यांनी आयुष्यभर ओझे बाळगू नये. कबुलीसंस्कारात मनापासून सांगितले की क्षमा मिळते, आणि नळ्या पुन्हा जोडून घेण्याची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे बंधनकारक मानली जात नाही. ज्यांना ही शिकवण पटायला जड जाते, त्यांनीही आपण एकटेच आहोत असे समजू नये. संततिनियमनाच्या प्रश्नावर पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली नेमलेल्या आणि पुढे सहाव्या पॉल यांनी वाढवलेल्या आयोगात बहुमत बदलाच्या बाजूने होते, मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हेही त्या आयोगाचे सदस्य होते, आणि सगळे ऐकून घेतल्यावरच सहाव्या पॉल यांनी आपला निर्णय दिला. फादरांशी बोलताना ‘मी गोळ्या घेते’ एवढेच सांगू नये, तर कोणत्या आजारासाठी, कोणाच्या सल्ल्याने आणि किती काळासाठी हे सांगावे, कारण त्यावरच उत्तर अवलंबून असते. उत्तर घाईत दिलेले वाटले, तर ‘हुमाने विते’चा पंधरावा परिच्छेद आदराने त्यांच्यापुढे ठेवावा, किंवा कुटुंब सेवा केंद्रात वेळ घेऊन पतीसह जावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल व पाळीच्या नोंदी सोबत न्याव्यात.